अभिप्रायाखालची सही

परवा सकाळी ह्यांनी फोनवरून ते पिवळे जोडलेले हात पाठवले आणि माझं डोकं फिरलं. ह्यांनी म्हणजे माझ्या नवऱ्याने. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, आजवर नाव घेतलं ते फक्त उखाण्यात, आता इथे कशाला घेऊ! तर हे सोफ्यावर बसले होते, चष्मा कपाळावर, फोन नाकाशी धरलेला, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू समोर कुणी हार घेऊन उभं आहे. मी चहा घेऊन मागे उभी होते. सहज पडद्यावर नजर गेली आणि मला माझं अक्षर दिसलं.

माझं अक्षर! वहीचं पान, निळी शाई, ओळीच्या शेवटी जागा पुरत नाही म्हणून खाली वळलेला शब्द. ही माझी शाळेपासूनची खोड. त्या पानाखाली ह्यांची सही. आणि त्या फोटोखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘साहेब, काय लिहायचात तुम्ही! आजकाल असं कोण लिहितं?’ त्यावर आमच्या साहेबांचं उत्तर, ‘धन्यवाद. जुने दिवस आठवले.’ आणि ते जोडलेले हात.

चहा मी टीपॉयवर आदळला. अर्धा बशीत सांडला. सांडू दे.

राग का आला ते नीट सांगते, नाहीतर म्हणाल, म्हातारीला काही काम नाही, खामखा भांडत बसते. त्या पानावरचा एक शब्दही ह्यांचा नाही. सगळं मी लिहिलंय. ह्यांनी फक्त सही केली.

आम्ही आता कोलार रोडला राहतो, तिसऱ्या मजल्यावर, पण आयुष्य गेलं ते कारखान्याच्या टाउनशिपमध्ये. मी नागपूरची, हे पुण्याकडचे, आणि नोकरीने दोघांना भोपाळात आणून टाकलं. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर डबा भरायचा. शेजारी एकीकडे बंगाली, दुसरीकडे केरळचे, बाहेर पडलं की सगळीकडे हिंदी. मुलं तर घरातसुद्धा ‘आई, मला नींद येतेय’ म्हणायला लागली. मग मराठी टिकवायला मराठी मंडळ. गणपती, संक्रांतीचं हळदीकुंकू, एक नाटक, आणि मंडळाने मोठ्या हौसेने घेतलेला एक व्हीसीआर.

हिंदी सिनेमांच्या कॅसेटी कुठल्याही मार्केटात मिळायच्या, मराठी औषधालासुद्धा नाही. म्हणून सुट्टीत जो कुणी नागपूर-पुण्याला जाईल त्याने येताना एक-दोन कॅसेटी आणायच्या, असा नियमच होता. मग ती कॅसेट आणि चादरीत गुंडाळलेला व्हीसीआर स्कूटरवर बसून क्वार्टर ते क्वार्टर फिरायचा. एका घरी एक दिवस. कुणाचा दिवस कुठला, याची यादी मंडळाच्या फळ्यावर. आणि व्हीसीआरबरोबर फिरायची एक वही, जाड पुठ्ठ्याची, कापडी पाठीची, वर मोठ्या अक्षरात ‘अभिप्राय’. सिनेमा पाहिला की पुढच्या घरी देण्याआधी चार ओळी मत लिहायचं, खाली सभासदाची सही करायची, कंसात क्वार्टर नंबर टाकायचा. अभिप्राय नसेल तर पुढची कॅसेट मिळणार नाही. सरकारी कारखान्यातली माणसं ती, घरी बसून सिनेमा पाहिला तरी त्याची नोंद झाल्याशिवाय त्यांना चैन पडेना.

सभासद म्हणजे कारखान्यात नोकरीला असलेला. म्हणजे नवरे. आम्ही बायका वडे तळायला, रांगोळ्या काढायला, नाटकातल्या पात्रांचे कपडे शिवायला. सभासद नाही.

पहिल्यांदा वही घरी आली तेव्हा हे पेन घेऊन तासभर बसले. लिहिलं काय, तर ‘चित्रपट’. बस. पुढे गाडी सरकेना. ड्रॉइंग काढायला सांगा, माणूस दिवसभर मान वर न करता काढेल, पण दोन वाक्यं म्हटली की घाम. शेवटी म्हणाले, ‘अगं, तू लिही ना काहीतरी, मी सही करतो.’ मी नागपूरला मराठी घेऊन बी.ए. केलेलं. त्या बी.ए.चा उपयोग तोवर मुलांचे निबंध लिहून देण्यापलीकडे झाला नव्हता. कणीक मळता मळता सिनेमा पाहिला होता, हात धुतले आणि लिहिलं. ‘पावणेतीन तासांत नायिकेने अकरा वेळा चहा केला. एकदाही स्वतः प्यायली नाही. बाकी छायाचित्रण चांगले.’

हे वाचून हसले आणि खाली झोकदार सही ठोकली.

मग मला चटकच लागली. का नाही लागणार? रविवारी दुपारी जेवणं आटोपली की खिडक्यांना चादरी लावायच्या, जमिनीवर चटई, मुलं पुढे, आम्ही मागे, मी भाजी निवडत निवडत बघायची आणि डोक्यात वाक्यं जुळत जायची. एकदा लिहिलं, ‘नायकाच्या आईला मोठा आजार आहे हे आम्हाला तिसऱ्या मिनिटाला कळले. डॉक्टरांना मध्यंतरानंतर. असा डॉक्टर आपल्या टाउनशिपच्या दवाखान्यात येऊ नये.’ एका विनोदी सिनेमाबद्दल लिहिलं, ‘या चित्रपटात सगळे जण ओरडत होते म्हणून आमच्या शेजारच्या बंगाली वहिनी भांडण सोडवायला आल्या. त्यांना बसवून घेतले. त्याही हसल्या नाहीत.’

लोक हसायचे हो! वही पुढच्या घरी गेली की आधी आमचं पान उघडायचे. होस्टेलमधली बिनलग्नाची पोरं तर मोठ्याने वाचायची म्हणे. सकाळी कारखान्याच्या गेटवर ह्यांना गाठून म्हणायची, ‘साहेब, परवाचं एक नंबर होतं!’ आणि हे काय म्हणायचे? ‘हो का? आवडलं?’

एकदाही म्हणाले नाहीत की बायकोने लिहिलंय. एकदाही नाही.

मी विचारलं होतं, अगदी सुरुवातीलाच. तर मला समजावून सांगितलं, ‘अगं, आमच्या डिझाइन ऑफिसात असंच असतं. खालचा माणूस ड्रॉइंग काढतो, वरचा सही करतो. मग ते ड्रॉइंग सहीवाल्याचं. पद्धत असते ती.’ मी म्हटलं, म्हणजे मी खालचा माणूस होय? हे हसले, मीही हसले. तिथेच चुकलं माझं. हसायला नको होतं.

आणि ती पद्धत काय असते ते ह्यांना चांगलं ठाऊक होतं. कारण एकदा ह्यांनी काढलेल्या ड्रॉइंगमध्ये माप चुकलं. वर सही मोठ्या साहेबांची. माल बिघडला तेव्हा भर मीटिंगमध्ये साहेबांनी ह्यांच्याकडे बोट दाखवलं, म्हणाले, मी विश्वासाने सही केली, चूक ह्याची. दोन दिवस हा माणूस जेवला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून. डोळ्यांत पाणी. ‘सही त्यांची होती ना? मग जबाबदारी कुणाची? सही करणाऱ्याचीच ना?’ मी ह्यांच्या डोक्याला तेल चोळत बसले होते, म्हटलं, हो हो, त्यांचीच, सोडा आता, चार घास खा. हे मी विसरले नाही, आणि पुढे जे झालं ते यामुळेच मला जास्त झोंबलं.

मंडळाच्या वर्धापनदिनाला ह्यांना ‘रसिक सभासद’ म्हणून शाल आणि नारळ दिला. मी तिसऱ्या रांगेत, नवीन साडी नेसून. स्टेजवर ह्यांनी छोटं भाषण केलं, तेही मीच लिहून दिलेलं. त्यात माझ्याबद्दल एक ओळ मी मुद्दाम घातली होती, फार नाही, एवढंच की ‘घरच्यांच्या मदतीशिवाय हे शक्य नव्हते’. ह्यांनी वाचताना ती गाळली. घरी आल्यावर म्हणाले, दिसलीच नाही गं, उजेड कमी होता. ती शाल मी नंतर इस्त्रीखाली अंथरायला घेतली. अजून आहे, दोन ठिकाणी भाजलीय.

मग तो सिनेमा आला.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे तेच मोठे साहेब, बोट दाखवणारे. तोवर आणखी मोठे झाले होते, बंगल्यात राहायचे. त्यांच्या बायकोला आम्ही समोर वहिनी म्हणायचो आणि मागे अध्यक्षीणबाई. गोऱ्यापान, कडक कांजीच्या साड्या, हळदीकुंकवाला आल्या की सगळ्या उठून उभ्या राहायच्या. त्यांनी स्वतः नागपूरहून ती कॅसेट आणली. सोशिक सुनेची गोष्ट. सासू छळते, नवरा बोलत नाही, दीर खोटं बोलतो, सून सगळं सोसते आणि शेवटी सासू आजारी पडल्यावर तिचे पाय चेपते. बाई इतक्या रडल्या की गावभर सांगत सुटल्या. वहीत पहिला अभिप्राय खुद्द अध्यक्षांचा, ‘प्रत्येक घरातील स्त्रीने पाहावा व बोध घ्यावा असा चित्रपट.’ त्याखाली घराघरांतून तेच, ‘डोळे पाणावले’, ‘संस्कारक्षम’, ‘हृदयस्पर्शी’.

आमचा नंबर आला तेव्हा मी पाहिला आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. नवं पान घेतलं आणि लिहिलं. मला अजून पाठ आहे. ‘या सुनेला तीन तासांत एकदाही राग आला नाही. ज्या बाईला राग येत नाही तिची गोष्ट सांगण्यासारखी काय आहे? शेवटच्या प्रसंगात तिच्या मागे घराचे दार उघडे दिसते, दोनदा दिसते. दिग्दर्शकाला ते दिसले नसेल, आम्हाला दिसले. तिने पाय चेपण्याऐवजी त्या दारातून बाहेर जायला हवे होते. रडायला आले नाही. राग आला.’

हे तेव्हा बॅडमिंटनला निघाले होते. उभ्याउभ्या वाचलं, ‘भारीच लिहिलंयस’ म्हणाले आणि सही केली. वाचलं होतं ह्यांनी. हे लक्षात ठेवा.

पुढच्या रविवारी सकाळी अध्यक्षांच्या बंगल्यावर मंडळाची बैठक होती. नवरे बाहेर व्हरांड्यात, आम्ही आत स्वयंपाकघरात साबुदाण्याचे वडे तळतोय. मधलं दार उघडंच. अध्यक्षांचा आवाज आला, माझी वाक्यं मोठ्याने वाचत होते. एकेक शब्द चिमटीत धरून फेकल्यासारखा. वाचून झाल्यावर म्हणाले, ‘हे काय आहे? मंडळाच्या वहीत घरं मोडायच्या गोष्टी?’

आत तेलाचा आवाज तेवढा येत होता. अध्यक्षीणबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. खाली मान घालून वड्यांना आकार देत होत्या. मी झारा घेऊन कान टवकारले. आता हे काय बोलतात! मला खरंच वाटलं होतं, खोटं कशाला सांगू, वाटलं होतं की आता म्हणतील, सही माझी आहे, मत माझं आहे.

हे म्हणाले, ‘साहेब, ते... ते मिसेसने लिहिलंय. मी वाचलंच नाही. घाईत सही केली.’

आणि खिशातून पेन काढलं आणि सही खोडली. मी दारातून पाहिलं. एकदा नाही, चार-पाचदा गिरवून खोडली, कागद फाटेल अशी. अध्यक्ष मोकळे होऊन हसले. ‘असं होय! मग ठीक आहे. बायकांचं काय एवढं मनावर घ्यायचं!’ सगळे हसले. होस्टेलची पोरंसुद्धा.

वाहवा व्हायची तेव्हा दोन वर्षं ती पानं ह्यांची होती. शिव्या पडल्या त्या दिवशी माझी झाली. दोन मिनिटं लागली नाहीत!

आणि मी काय केलं? मी वडे वाढले. हो, वाढले! ताट घेऊन बाहेर गेले, एकेकाच्या पानात दोन-दोन वडे घातले, अध्यक्षांना वर विचारलं, ‘चटणी देऊ का?’ ह्यांच्यावरचा राग एका बाजूला, पण त्या ‘चटणी देऊ का’चा राग मला आजही येतो. भांडी घासताना अचानक आठवतं आणि भांडं हातातून आपटतं.

परत येताना स्कूटरवर मागे बसून म्हटलं, ‘सही तुमची होती ना? मग जबाबदारी कुणाची?’ घर आल्यावर म्हणाले, ‘पुढच्या महिन्यात प्रमोशनचा इंटरव्ह्यू आहे. समजून घे.’ प्रमोशन झालं. पेढे मीच वाटले.

त्यानंतर मी त्या वहीत एक अक्षर लिहिलं नाही. हे स्वतः लिहू लागले. ‘चित्रपट चांगला आहे. संगीत चांगले आहे. अभिनय चांगला आहे.’ व्हीसीआर गेला, केबल आली, ती गेली, आता भिंतीएवढा टीव्ही आलाय आणि हवा तो सिनेमा बटणावर लागतो. आम्ही रोज एक बघतो. संपला की हे विचारतात, ‘कसा वाटला?’ मी म्हणते, ‘ठीक.’ इतकी वर्षं झाली, ‘ठीक’च्या पुढे मी गेले नाही. चांगल्या सिनेमालाही ठीक, टुकार सिनेमालाही ठीक. आत वाक्यं जुळून तयार असतात, पण ह्यांना द्यायची नाहीत म्हणजे नाही.

तर परवाची गोष्ट. रिटायर झालेल्या सभासदांचा फोनवर एक ग्रुप आहे. सभासदांचाच, म्हणजे आम्ही त्यातही नाही. जुन्या चिटणीसांनी मुलाकडे पुण्याला जायचं म्हणून कपाट आवरलं, त्यात वही सापडली आणि त्यांनी आमच्या पानांचे फोटो काढून टाकले. खाली वाहवा, आणि ह्यांचे हात जोडलेले.

मी चहा आदळल्यावर हे दचकले. मी म्हटलं, ‘आत्ताच्या आत्ता लिहा की हे बायकोने लिहिलंय.’

‘अगं, आता इतक्या वर्षांनी काय फरक पडतो?’

‘फरक पडत नाही ना? मग लिहा!’

‘लोक काय म्हणतील...’

‘तेव्हा तर चटकन सांगितलंत! तेव्हा लोक नव्हते का?’

हे फोन छातीशी धरून बसले. मी हातातून ओढून घेतला आणि एकेक पान बघत गेले. चहावालं होतं, डॉक्टरवालं होतं, बंगाली वहिनीही होत्या. एकच पान नव्हतं. ते दारवालं. म्हणजे ते कुणीतरी फाडूनच टाकलं! तिथे मात्र माझा तोल सुटला. मी त्या माइकच्या खुणेवर अंगठा दाबला. हे ‘अगं, काय करतेस, सगळे ऐकतील’ म्हणत उठले. म्हटलं, ऐकू देत. आणि बोलले, ‘नमस्कार. मी ह्यांची बायको बोलतेय. सकाळपासून टाकलीत ती सगळी पानं माझी आहेत. ह्यांनी फक्त सही केली. कौतुक करायचं असेल तर माझं करा. आणि त्यातलं एक पान कमी आहे. ज्याने फाडलं त्याने सांगावं.’ अंगठा उचलला. गेलं.

ग्रुपवर सामसूम. सगळ्यांनी ऐकलं होतं, तशी खूण दिसत होती, पण कुणी बोलेना. बऱ्याच वेळाने एकाने जोडलेले हात पाठवले. मला की ह्यांना, देव जाणे.

दुपारी फोन वाजला. अध्यक्षीणबाई. अध्यक्ष वारले त्याला काही वर्षं झाली, त्यांचा नंबर ह्याच वापरतात, म्हणून ग्रुपवर आहेत. एवढंच म्हणाल्या, ‘पान माझ्याकडे आहे. ये घेऊन जा.’

दुसऱ्या दिवशी मी ऑटो करून शाहपुऱ्याला गेले. रस्ताभर मनात भांडण तयार करत होते. बाई मुलीकडे राहतात, आता वाळून काडी झाल्यात, साडी मात्र अजून कांजीची. मी बसायच्या आधीच सुरू झाले, ‘वहिनी, तुम्ही फाडलंत?’

‘ब्लेडने कापलं. आमच्या ह्यांनी सांगितलं होतं, पान काढ आणि जाळ. मी काढलं.’ त्यांनी जुन्या पाककृतींच्या पुस्तकातून घडी काढली. कडेला तेलाचे डाग, पण अक्षर स्वच्छ.

‘जाळलं का नाही?’

‘तुझा राग आला होता म्हणून ठेवलं,’ त्या म्हणाल्या. ‘मला तो सिनेमा इतका आवडला होता गं. तू हे लिहिलंस आणि सगळं नासलं. तेव्हापासून एक सिनेमा धड रडून बघता आला नाही मला. बाई रडायला लागली की मी आपली मागे दार कुठेय ते बघते.’

मला हसू येईना आणि रडूही येईना. म्हटलं, ‘मग त्या दिवशी बोलला का नाहीत? माझ्या शेजारी तर उभ्या होतात.’

‘अगं, तुझं अक्षर कुणाला ठाऊक नव्हतं? हळदीकुंकवाची बोलावणी तूच लिहायचीस. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.’ पान माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, ‘आणि तू तरी कुठे बोललीस?’

ऑटोत जुळवलेलं सगळं भांडण तिथेच राहिलं. सगळ्यांना ठाऊक होतं! त्या स्वयंपाकघरात आठ-दहा बायका होत्या, एकेकीला ठाऊक होतं, आणि आम्ही सगळ्या मिळून वडे तळत होतो. मी पान पर्समध्ये घातलं आणि बिट्टन मार्केटला भाजी न घेताच घरी आले.

हे दार उघडून उभे होते. मी जेवणाच्या टेबलावर पान उलगडलं. माझ्या ओळी, आणि खाली ह्यांच्या सहीचा तो गिरवलेला काळा गोळा. त्याच्याखाली बोटभर जागा होती. मी पेन घेतलं आणि तिथे माझं पूर्ण नाव लिहिलं, नंतर सही केली. शेवटचं अक्षर तिरकं गेलं. कंसात आमच्या जुन्या क्वार्टरचा नंबरही टाकला. पानाचा फोटो काढला आणि ह्यांच्याच फोनवरून ग्रुपवर टाकला. ह्या वेळी ह्यांनी अडवलं नाही.

मग चष्मा लावून पान वाचायला बसले. दोनदा वाचलं. चष्मा कपाळावर सारून म्हणाले, ‘तू बरोबर लिहिलं होतंस. सिनेमा वाईटच होता. मला तेव्हाच वाटलं होतं.’

मी ऐकतच राहिले. इतक्या वर्षांत ह्या माणसाने दिलेलं हे पहिलं स्वतःचं मत! मी ड्रॉवरमधून कोरा कागद काढला, ह्यांच्यापुढे ठेवला, वर पेन ठेवलं. म्हटलं, ‘हेच लिहा. त्या दिवशी काय वाटलं होतं आणि काय बोललात, दोन्ही. आणि खाली सही करा.’

ह्यांनी पेन उचललं. कागदावर टेकवलं. पुन्हा उचललं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग मान वर करून, अगदी त्या पहिल्या दिवसासारखं माझ्याकडे बघत म्हणाले, ‘अगं, सुरुवात कशी करू?’

‘मला विचारू नका,’ मी म्हटलं, आणि कुकर लावायला आत गेले.